मिसावा-कावादा १९९४ की १९९५ची जोडीची लढत: आधी कोणती बघावी?

जुन्या जपानी व्यावसायिक कुस्त्या बघायला बसलं की ऑल जपान या कुस्ती-कंपनीच्या दोन लढतींपाशी गाडी अडतेच. पहिली ३ जून १९९४ची, मित्सुहारू मिसावा विरुद्ध तोशिआकी कावादा. दुसरी ९ जून १९९५ची, मिसावा-कोबाशी विरुद्ध कावादा-ताउए. दोन्ही टोकियोच्या बुडोकान सभागृहातल्या, दोन्ही अर्ध्या तासाहून मोठ्या. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर कोणती लावायची?

एकास एक लढत म्हणून १९९४चीच थोर, हे मला मान्य आहे. मिसावाचे कोपराचे फटके आणि कावादाच्या लाथा यांचा असा चढता क्रम मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शेवटी मिसावा दोन्ही हात जखडून कावादाला मानेवर आपटतो, तेव्हा अजूनही पोटात गोळा येतो. मिसावा २००९ साली हिरोशिमात रिंगमध्येच कोसळून गेला, हे माहीत असल्यामुळे तर जास्तच.

पण तिची एक गोष्ट मला सलते. ती कोऱ्या डोळ्यांनी बघता येत नाही. माझा मामेभाऊ कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला. मोठ्या हौसेनं मी त्याला ही लढत लावून दिली आणि दर दोन मिनिटांनी थांबवत बसलो. दोघं एकाच शाळेतले, मिसावा एक वर्ष पुढे. मिसावा आधी टायगर मास्क नावाचा मुखवटाधारी पैलवान म्हणून लढायचा; १९९० साली त्यानं तो मुखवटा उतरवला, तेव्हा मागच्या गाठी सोडणारा कावादाच होता. १९९२ आणि १९९३मध्ये किताबासाठी लढून तो मिसावाकडून हरला होता. हे सगळं सांगितल्याशिवाय पहिल्या पंधरा मिनिटांतला तो थंड ताण कळत नाही, आणि सांगत बसलं की ताणच तुटतो. बाराव्या मिनिटाला भावानं मोबाइल हातात घेतला. दोष ना त्याचा, ना कुस्तीचा.

काही महिन्यांनी १९९५ची लावली आणि तोंड बंद ठेवलं. कोबाशी मांडीला पट्ट्या गुंडाळून आला. भाऊ लगेच म्हणाला, "हे दोघं आता पायावरच जाणार बघ." गेलेच. कावादा आणि ताउए त्या पायाला सोडतच नाहीत. कोबाशी लंगडत उठतो, पुन्हा पडतो. मिसावाच्या डोळ्याजवळचं हाड त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोडलेलं, पण तेही मी सांगितलं नाही. शेवटाकडे मिसावा एकटा सापडतो आणि उभं राहायची ताकद न उरलेला कोबाशी सरपटत येऊन त्याच्या अंगावर आडवा पडतो. मार मला बसू दे, त्याला नको, एवढंच. भाऊ सोफ्यावरून पुढे सरकून बसला होता. निकाल आधी ठरलेला असतो हे त्याला पक्कं ठाऊक. त्या क्षणी त्यानं तो विषय काढला नाही.

मग कावादा पहिल्यांदाच मिसावाला चीत करतो. बेचाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

तुमचा पिंड वेगळा असू शकतो. आधी इतिहास वाचून मग बघायची आवड असेल, किंवा जोडीच्या लढतीतली जोडीदारांची ये-जा नको वाटत असेल, तर १९९४पासून सुरुवात करायला हरकत नाही. कारागिरी तिथे कदाचित काकणभर सरसच आहे. पण घरातल्या कुणाला सोबत घेऊन बसणार असाल, तर मी तरी १९९५चीच आधी लावेन.

संपल्यावर भावानं विचारलं, "ह्या हिरव्या पँटवाल्याची आणि त्या लाथावाल्याची एकट्याची झाली नाही का कधी?" त्याच रात्री आम्ही १९९४ची पुन्हा लावली. या वेळी मी एकदाही थांबवली नाही.