बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी टेस्ट: 3,999 रुपये, पाचपैकी एक तारा

माझं कराडात किराणा दुकान आहे. खराब निघालेला माल मी मुकाट्याने परत घेतो, म्हणून हेही गिऱ्हाईक म्हणूनच लिहितोय. टेस्टवाल्याचं नाव देत नाही. आमच्या भागात हे काम करणारे तीनजण आहेत आणि रिपोर्ट तिघांचेही एकाच छापाचे दिसतात.

टेस्टला डीएमआयटी (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) म्हणतात. पोराच्या दहा बोटांचे ठसे स्कॅनरवर घ्यायचे आणि त्यावरून त्याचं डोकं कशात चालतं, पुढे कुठली लाईन घ्यावी ते सांगायचं. मुलगी सातवीत. पालकसभा संपल्यावर टाय लावलेला एकजण बोलायला उभा राहिला. ‘आत्ताच कळलं तर दहावीला पस्तावणार नाही,’ म्हणाला. भाव 5,500, पण शाळेतून आलात म्हणून 3,999. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं, कारण मोठा आकडा खोडून खाली छोटा लिहायचं काम मी दुकानात स्वतः करतो. पण शेजारी थोरला भाऊ बसला होता, आणि त्याने आपल्या पोराचे पैसे भरूनही टाकले होते. मग मी कसा मागे राहतो?

स्कॅनला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात पोरीला एकही प्रश्न विचारला नाही. नाव, जन्मतारीख, अंगठा दाबा, संपलं. माझ्या पुतणीने 2018 ला दहावीत असताना बोर्डाची कल चाचणी मोबाईलवर दिली होती, तीही फुकट. निकाल ‘गणवेशधारी सेवा’ आला आणि आठवडाभर घरात जो तो तिला सॅल्यूट ठोकत होता. ती चाचणी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हतं, पण तिथली उत्तरं तरी तिची होती.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. 42 गुळगुळीत पानं, रंगीत गोल तक्ते, जाड फाईल. मग वीस मिनिटांचं समुपदेशन, तेही पोरीला समोर बसवून. गणित आणि तर्क या रकान्यात तिचा सगळ्यात शेवटचा नंबर होता. मॅडम हसून म्हणाल्या, ‘हिला गणितात ढकलू नका. डान्स, ड्रॉइंग असं काही बघा.’ आम्ही नवरा-बायको माना डोलावत होतो. पोरगी तिची बोटं बघत होती.

ही पोर चौथीपासून माझ्या गल्ल्याशेजारी बसते. साडेतीनशे ग्रॅम शेंगदाणे, 140 रुपये किलो. मी कॅल्क्युलेटर शोधतोय तोवर हिचं ‘एकोणपन्नास’ म्हणून मोकळं. उधारीच्या वहीची बेरीज तीच करायची, तोंडी. रिपोर्ट आल्यानंतरच्या रविवारी बघतो तर कॅल्क्युलेटर तिच्या हातात. म्हटलं, अगं तोंडी सांग की. म्हणाली, ‘नको पप्पा, चुकेल. माझ्या बोटातच नाही ना ते.’

त्या रात्री जेवण गेलं नाही. राग टायवाल्यावर होता, पण हिशेब लावला तर माझ्याही नावावर बरंच निघालं. सहावीत तिला गणितात 20 पैकी 11 पडले, तेव्हा भर दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मीच ‘ही आमची ढ’ म्हणून हसलो होतो. पुतण्याचे मार्क तिच्या ताटाशेजारी रोज वाढले जातात ते वेगळंच. कुणी पाहुणा आला की पहिला प्रश्न टक्क्यांचा, आणि उत्तर देणारे आम्ही. तिने कधी तोंड उघडलं तर ‘तू गप गं’. एवढं सगळं आधीच ऐकलेल्या पोरीला ते पान खोटं का वाटावं?

आमच्या गिऱ्हाइकांत एक बालरोगतज्ज्ञ बाई आहेत. त्यांना फाईल दाखवली. त्यांनी सांगितलं, बोटांवरच्या रेघा बाळ पोटात असतानाच पक्क्या होतात आणि जन्मभर त्याच राहतात. त्यांच्यावरून बुद्धी मोजता येते याला पुरावा नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने 2019 मध्ये तसं जाहीरही केलंय. टेस्टच्या नावातली ‘मल्टिपल इंटेलिजन्स’, म्हणजे वेगवेगळ्या बुद्धिमत्तांची कल्पना हॉवर्ड गार्डनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये मांडली, पण त्यात बोटांच्या ठशांचा विषयच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डबा नामांकित कंपनीचा आणि आत सुटं तेल.

मग भावाकडून पुतण्याचा रिपोर्ट आणून दोन्ही गल्ल्यावर शेजारी ठेवले. तक्त्यांचे रंग वेगळे, पण मजकूर पानंच्या पानं तोच. ‘नेतृत्वगुण आहेत, योग्य संधी मिळाल्यास चमकतील.’ एका ठिकाणी तर पुतण्यालाच ‘ती’ म्हटलंय. भाऊ म्हणाला, छपाईची चूक असेल. त्याच्या पोराचा गणितात पहिला नंबर आलाय, त्यामुळे त्याला टेस्ट बरोबर वाटते.

पैसे परत मागायला गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘समाधान नसेल तर निम्म्या भावात पुन्हा स्कॅन करू.’ मी विचारलं, ठसे जन्मात बदलत नाहीत असं तुमच्याच मॅडम म्हणाल्या ना? तो ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणाला. याला दोन महिने झाले.

एक तारा दिलाय तो फाईलसाठी. क्लिप दणकट आहे, त्यात आता डिस्ट्रिब्युटरची बिलं लावतो. रिपोर्टची पानं रद्दीत टाकायला काढली तेव्हा मोजली, तर 41 भरली. गणिताचं पान नव्हतं. काल पेन्सिल हवी म्हणून तिचा कंपास उघडला, तर कर्कटकाखाली ते पान, चार घड्या घालून ठेवलेलं. मी कंपास होता तसा बंद केला. तिला कसं विचारायचं ते अजून सुचलेलं नाही.