केओटीचा कागद की किचनमधला स्क्रीन?
इंदूरला राजवाड्याजवळ आमचं छोटं उपाहारगृह आहे. रविवारी सकाळी पोहे-जिलबीला झुंबड उडते आणि काउंटरवरून ओरड होते, "सात नंबरची साबुदाणा खिचडी कुठे अडली?"

कागदी केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी (किचन ऑर्डर तिकीट), असेल तर खिळ्याला टोचलेला गठ्ठा उपसायचा. थर्मल कागदावर अक्षरं उष्णतेनेच उमटतात, त्यामुळे चिठ्ठी कढईशेजारी राहिली की अख्खी काळी पडते. रिबनचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तिथे बरा, फक्त कटकट फार करतो. पण वीज गेली तरी छापलेली चिठ्ठी हातात असते, हे कबूल करावंच लागेल.

स्क्रीनवर टेबल नंबर पाहिला की ऑर्डर कधी आली, काय झालं, काय बाकी, सगळं कळतं. उशीर झाला की रंग बदलतो. एकदा पिठाच्या बोटाने माझ्याकडून भलतीच ऑर्डर 'झाली' म्हणून गेली. रिकॉल दाबून परत आणली.

आठ-दहा टेबलं असतील तर कागद पुरे. पार्सल आणि ऑनलाइन ऑर्डरी एकदम येत असतील तर स्क्रीनच घ्या. आम्ही घेतला. जिलबीवाले काका मात्र अजून चिठ्ठीच मागतात.