लोखंडी रंधा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीनंतर घेतलेला चार नंबरचा लोखंडी रंधा यंदाचा पोळा होऊन गेला तरी जवळजवळ रोज हातात आहे, म्हणून आता त्याच्याबद्दल लिहितो. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नाराजीनेच लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, शेती करतो. बैलजोडी विकल्यापासून गोठा रिकामा होता. वर टिना, खाली सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात कुटाराची (गुरांच्या भुशाची) पोती. तिथेच जुन्या बंडीच्या (बैलगाडीच्या) फळ्या जोडून कामाचं टेबल केलं. सुतारकाम कुणाकडे रीतसर शिकलो नाही. मोबाइलवर बघून आणि लाकूड वाया घालवून शिकतो आहे. मशीन न घेता हाताची हत्यारं घेतली, कारण मला वेळ मिळतो तो संध्याकाळी आणि तेव्हा लाइन असेलच याचा भरवसा नाही.

रंधा आला तो तेलाने माखलेला. तळ साधारण साडेनऊ इंच, पातं दोन इंची, ४५ अंशांवर बसवलेलं. पुसून लगेच सागाच्या फळीवर चालवला तर फळी सोलण्याऐवजी खड्डे पाडायला लागला. तोंडात भुसा अडकायचा, दोन हात मारले की थांबून काढायचा. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, असंच असतं. चार दिवस परत करायचाच विचार होता.

आमच्या गावात एक म्हातारे वाढई, म्हणजे सुतार, आहेत. वखर, तिफन, बंड्या करण्यात त्यांची हयात गेली. आता डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांच्याकडे रंधा घेऊन गेलो. त्यांनी पातं काढलं, त्याच्या सपाट पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "समोरून कितीबी घास, ही मागची बाजू सपाट नाही तोवर धार येत नाही, बापा." मग फळीवर माझा हात धरून रंधा चालवला. "आवाज आयक. खरखर आला का फळी फिरव."

घरी येऊन अख्खा रविवार त्यातच घातला. जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवला, आधी १२० नंबरचा, मग २२०, मग ४००. तळावर पेन्सिलीने रेघा मारायच्या आणि घासायचं. रेघा राहिल्या तिथे खळगा. माझ्या रंध्याला पात्याच्या तोंडापुढेच खळगा होता, आणि नेमकी तीच जागा फळीला टेकायला हवी असते. पात्याची पाठ एकसारखी सपाट होईपर्यंत घासली. धार २५ अंशांवर काढून टोकाला ३० चा बारीक उतार दिला. पात्यावरची छिलटी मोडणारी लोखंडी पट्टी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा अखंड, कांद्याच्या सालीसारखी छिलटी निघाली, आणि खरखर जाऊन नुसता सूऽऽ आवाज. मी ती फळी उगाच पाऊण इंचाची अर्धा इंच करून टाकली.

लाकडाबद्दल थोडं. शेतातलं सागाचं झाड स्वतःचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६४ चा कायदा आहे. म्हणून मी पडक्या घरांच्या जुन्या मयाली (छताच्या तुळया) घेतो; वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड असतं. पण आधी चुंबक फिरवा. एका मयालीत तुटका खिळा होता आणि पात्याला ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली. ती काढायला दोन तास गेले. सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. निंबावर तासभर चालणारी धार सागावर वीस-पंचवीस मिनिटांत बोथट होते. हा रंध्याचा दोष धरू नका. तोंडाला रुमाल मात्र बांधा, सागाच्या भुशाने मला शिंका थांबत नाहीत.

खरा धडा मे महिन्यात मिळाला. जानेवारीत निंबाचा छोटा टेबल केला होता, वरची फळी दोन्ही कडांना फेविकॉल आणि स्क्रूने घट्ट बसवलेली. त्या उन्हात एका रात्री काडकन आवाज आला. सकाळी बघतो तर फळी मधोमध उभी चिरलेली. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत मात्र उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं, आणि मी त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती. मग आमच्या जुन्या दाराकडे नीट पाहिलं. त्यातल्या फळ्या चौकटीच्या खाचेत सैल बसवल्या आहेत, एकही खिळा नाही. आता मी स्क्रूची भोकं लांबट ठेवतो.

रंध्यातले खरे दोष दोन. खोली कमी-जास्त करायचा स्क्रू अर्धा फेरा नुसताच फिरतो. म्हणून पातं मागे घेतल्यावर शेवटचा फेरा नेहमी पुढच्या दिशेने द्यावा लागतो, नाहीतर काम करताना पातं आत सरकतं. दुसरं, मागची प्लास्टिकची मूठ एप्रिलमध्ये बुडाशी चिरली. बाभळीची नवी केली, ती हाताला जास्त बरी बसते. पावसाळ्यात दोन दिवस तसाच ठेवला तरी तळावर तांबूस ठिपके येतात; काम झालं की खोबरेल तेलाचा बोळा फिरवतो आणि सारवलेल्या जमिनीवर कधीच ठेवत नाही.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात त्या सणाला, मुलीसाठी सागाचा नंदी केला. अंग पटाशीने कोरलं, पण खालची पाटी आणि चाकांच्या फळ्या या रंध्यानेच सरळ केल्या. पॉलिश पेपर लावायची गरज पडली नाही.

घ्यायचा असेल तर घ्या, दोन हजारांच्या आत मिळाला होता. मात्र काच आणि पेपर त्याच दिवशी आणा आणि पहिला रविवार मोकळा ठेवा.