‘मी, दुर्गा खोटे’ : नटीच्या नोकरीचं पुस्तक

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत नवी मुलगी आली की तिच्या हातात मी संहितेआधी अभिनेत्री दुर्गा खोटे यांचं हे आत्मचरित्र ठेवते. माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातली. शिवण सैल झालीय, पानं पिवळी पडलीत, पण त्यातल्या मजकुरासाठी मी दुप्पट पैसेही दिले असते.

नटीचं आत्मचरित्र म्हटलं की लोक भानगडी शोधायला बसतात. मला यात भावतो तो पैशाचा मोकळा उल्लेख. १९०५ चा जन्म, गिरगावच्या कांदेवाडीतलं लाड कुटुंबाचं भरलेलं घर, इंग्रजी शाळा, श्रीमंत खोटे घराण्यात लग्न. पुढे सासरची श्रीमंती ओसरली आणि पदरात दोन लहान मुलं. घर चालवायला बाई बाहेर पडली. कलेची ओढ वगैरे नंतरचं. त्या काळात चांगल्या घरच्या बाईने सिनेमात जाणं म्हणजे काय, हे १९३१ च्या ‘फरेबी जाल’ने त्यांना दाखवलं. काम छोटंसं, पण बदनामी पुरेपूर वाट्याला आली. तिथेच थांबल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती.

त्या थांबल्या नाहीत, आणि पुढचा भाग आम्हा कोल्हापूरकरांचा. ‘प्रभात’ फिल्म कंपनी तेव्हा इथेच होती. दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त तारामतीची भूमिका त्यांना दिली. समोर हरिश्चंद्र म्हणून संगीत रंगभूमीवरचे गायक-नट गोविंदराव टेंबे! पार्श्वगायन नव्हतं, कॅमेऱ्यापुढे स्वतःच गायचं. टेंब्यांसारख्या मुरलेल्या माणसासमोर नवख्या बाईने उभं राहायचं म्हणजे छातीत धडधड होणारच. मात्र पुढच्या काही वर्षांतला त्यांचा धीर मला जास्त मोठा वाटतो. नट कंपनीच्या पगारावर बांधलेले असायचे त्या दिवसांत या कोलकात्याला जाऊन ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ करून आल्या. परत ‘प्रभात’मध्ये येऊन ‘अमर ज्योती’त समुद्रावरच्या लुटारूंची राणी झाल्या. पुढे तर ‘सवंगडी’ या चित्रपटाची निर्मितीच केली. आज ‘फ्रीलान्स’ म्हणून मिरवणाऱ्या मुलींनी हा भाग सावकाश वाचावा.

पण माझा जीव अडकतो तो नाटकांच्या पानांत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या, राघोबाच्या भूमिकेत नटवर्य नानासाहेब फाटक. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्येही तीच जोडी. मी स्वतः स्पर्धेसाठी आनंदीबाई केलीय, म्हणून सांगते, ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई नुसत्या डोळ्यांच्या खेळावर उभी राहत नाही. कॅमेरा चेहऱ्याजवळ येतो, शेवटच्या रांगेतला प्रेक्षक येत नाही. त्याच्यापर्यंत कुजबुजसुद्धा पोचवावी लागते, तीही फाटकांचा खणखणीत आवाज शेजारी असताना. वीसेक वर्षं पडद्यावर नाव कमावलेल्या बाईने या वयात पुन्हा शिकायला बसायचं! हौसेने आलेल्या मुलींना मी ही पानं मोठ्याने वाचायला लावते.

‘मुगल-ए-आझम’ची जोधाबाई आणि ‘बॉबी’तली प्रेमळ आजी सगळ्यांना ठाऊक आहेतच. १९८३ सालचा फाळके पुरस्कारही. त्याबद्दल मी काय नवं सांगणार? चित्रपटांची सनावळी हवी असेल त्यांनी कोश उघडावा, त्यासाठी हे पुस्तक घेऊ नये.

भाषा गिरगावातल्या शिकलेल्या बाईची, सरळ. दुःख सांगतानाही आवाज चढत नाही, आणि स्वतःला देवी करून ठेवण्याचा सोस नाही. मराठी वाचणाऱ्याने मूळच घ्यावं. परप्रांतात वाढलेल्या माझ्या भाचीला मी शांता गोखल्यांचा इंग्रजी अनुवाद दिला, तिला तो आवडला. तरी माझं मत मूळ पुस्तकालाच. नवी प्रत मिळाली नाही तर वाचनालयात विचारा, आणि मिळाली की ‘अयोध्येचा राजा’ पाहायच्या आधी वाचून काढा. काशीच्या बाजारात विकायला उभी राहिलेली तारामती मग पौराणिक राणी वाटत नाही. घर चालवायला निघालेली गिरगावची बाई दिसते.