विश्रामबागेतलं केबलवाल्याचं फायबर: वेग चोख, पत्ता सामाईक

सांगलीत नवं इंटरनेट घ्यायचं म्हटलं की आता गल्लीतला केबलवालाच आधी आठवतो. विश्रामबागेतल्या अशाच एका केबलवाल्याच्या १०० एमबीपीएसच्या घरगुती कनेक्शनबद्दल हे लिहितोय. वायर आणि वेग या दोन्हींत पैसे पुरेपूर वसूल होतात. पत्त्याच्या, म्हणजे इंटरनेटवर तुमचं घर ओळखायच्या आयपी क्रमांकाच्या, बाबतीत मात्र कनेक्शन अपुरं आहे, आणि ही गोष्ट पैसे भरायच्या आधी कळायला हवी.

वायरीचं काम खरंच चांगलं आहे. हे जीपॉन आहे, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरांना जोडणारी पद्धत. केबलवाल्याकडच्या एका पोर्टवरून येताना २.४८८ आणि जाताना १.२४४ जीबीपीएस मिळतात, आणि दोन टप्प्यांत १:८ चे स्प्लिटर (एका धाग्यातला प्रकाश आठ धाग्यांत वाटणारे) लावून ते ६४ घरांपर्यंत वाटले जातात. प्रत्येक स्प्लिटरमध्ये साधारण १०.५ डीबी प्रकाश कमी होतो. म्हणून जोडणी करणारा मुलगा आला की पॉवर मीटरवरचा, म्हणजे घरापर्यंत किती प्रकाश पोचतो त्याचा, आकडा दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या पलीकडे गेला की कनेक्शन तुटत राहणार. आकडा वाईट असेल तर बहुतेक वेळा कनेक्टरवर धूळ असते, वायर खिडकीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबलेली असते, नाहीतर हिरव्या कनेक्टरला निळा जोडलेला असतो. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात खरे, पण प्रकाश गळतो.

येतानाचा आणि जातानाचा वेग सारखाच आहे, हे मोठं सुख. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा ९.६ केबीपीएसचं डायलअपही चालायचं. त्यावर ५ एमबीचं एक गाणं उतरवायला तासाच्या वर वेळ लागतो. इथे अर्धा सेकंदही नाही. २००५ मध्ये बीएसएनएलचं २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड आलं, पण ते तांब्याच्या तारेवर. एक्स्चेंजपासून घर लांब असेल किंवा जॉइंटात पाणी शिरलं, की वेग गेलाच. कृष्णेच्या काठच्या गावाला हा फरक नीट समजतो. काचेच्या धाग्याला गंज नाही. पुरात बंद पडते ती वीज. त्यामुळे तुमच्या भागातल्या नोडला (केबलवाल्याची यंत्रं असतात त्या जागेला) बॅटरी किती तासांची आहे हे विचारून घ्या. घरच्या ओएनयूसाठी (फायबर जिथे येऊन जोडलं जातं त्या डब्यासाठी) १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, फक्त अॅडॉप्टरवरचे अँपिअर जुळवून घ्या.

ओएनयूचा लॅन पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरची वायर लावायची खाच, १०० एमबीपीएसचा असेल तर त्यावर ९४ च्या आसपासच मिळतं. पुढे २०० चा प्लॅन घ्यायचा असेल तर गिगाबिट पोर्टवालाच मागा. वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत तेवढंही मिळणार नाही. रात्री नऊनंतर वेग पडला तर कॉम्प्युटरवर ट्रेसरूट चालवा, डेटा कोणत्या टप्प्यांतून जातो आणि कुठे किती वेळ लागतो ते त्यात दिसतं. दुसरा टप्पा, म्हणजे केबलवाल्याचा गेटवे (त्याच्या जाळ्याचं दार), ५ मिलिसेकंदांच्या आत असेल आणि त्यापुढचे सगळेच टप्पे १०० च्या वर जात असतील, तर तुमची वायर ठीक आहे. केबलवाल्याने वरच्या कंपनीकडून घेतलेली बँडविड्थ (एकूण क्षमता) कमी पडतेय. तसं स्पष्ट सांगून तक्रार करा, नाहीतर माणूस येऊन राउटर बंद-चालू करून जाईल.

आता पत्ता. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं जाळं, टीसीपी/आयपी या आजच्या इंटरनेटच्या नियमांवर गेलं, तेव्हा प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असेल, कोणीही कोणाला थेट हाक मारू शकेल, अशी रचना होती. ३२ बिटांत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गट वाटले गेले, आणि त्याच एप्रिलपासून आशिया-पॅसिफिकमध्ये एका सभासदाला, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याला, शेवटच्या गटातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळू लागले. उशिरा आलेला केबलवाला हजारो घरं एवढ्यात कशी बसवणार? मग अनेक घरांना मिळून एकच पत्ता. सामाईक विहिरीसारखं: पाणी सगळ्यांना, सातबारा कोणाच्याच एकट्याच्या नावावर नाही.

हे तपासायला सोपं आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला, किंवा पहिल्या टिंबाआधी फक्त १० असलेला असेल, तर पत्ता सामाईक. यूट्यूब, व्हिडिओ कॉल, बँक यांना काही फरक पडत नाही. पण मार्केट यार्डातल्या दुकानातही असंच कनेक्शन असेल आणि तिथला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे राउटरमध्ये बाहेरच्या हाकेला वाट करून देऊन, घरून बघायचा, तर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून हाक आतपर्यंत पोचतच नाही. डीव्हीआर कंपनीच्या क्लाउडवरून तो दिसतो, पण मग तुमचं चित्र तिच्या सर्व्हरच्या भरवशावर. बाहेरून घरच्या जाळ्यात सुरक्षित शिरायला घरी व्हीपीएन सर्व्हर चालवायचा असेल तरी हीच अडचण.

यावरचा खरा उपाय आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत. १२८ बिटांच्या या पत्त्यांचं पहिलं मानक डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झालं, आणि आज मोबाइलच्या ४जीवर हे पत्ते सर्रास मिळतात. या केबलवाल्याकडे अजून नाही, आणि या कनेक्शनमधली हीच मोठी उणीव आहे. ओएनयूला आयपीव्ही६ जमतं. काम राहिलंय ते केबलवाल्याच्या बाजूचं. ग्राहकांनी नेटाने मागितलं तरच ते होईल, म्हणून मागा.

तोवर डीव्हीआरवाल्यांनी जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्यावा, आणि तो पावतीवर लिहून घ्यावा. बाकीच्यांनी आधी तीन महिन्यांचाच प्लॅन घ्यावा. त्यात पावसाळ्याचा एखादा महिना आला तर उत्तम, म्हणजे नोडच्या बॅटरीचीही परीक्षा होते.