पिकलिंग पेस्ट लावलेलं 304 चं रेलिंग: पावसाळ्यानंतरचा अनुभव

हे पावसात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. आता दिवाळी उलटलीय आणि मी तीनवर आलोय.

वर्सोव्याला समुद्रासमोरची बाल्कनी, 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं रेलिंग, मिरर फिनिश. 316 ग्रेडचं का नाही घेतलं, हे कृपया विचारू नका. त्यातलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम समुद्री मिठातल्या क्लोराइडपुढे टिकाव धरतं हे ठाऊक आहे, त्याचा भावही ठाऊक आहे. वर्षभरात प्रत्येक जॉइंटवर चहा सांडल्यासारखे डाग आले. "स्टेनलेसला गंज येतच नाही, धूळ आहे ती," हे रेलिंग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून ऐकून घेतलं, भांडलो, आणि शेवटी त्याने वेल्डवर पिकलिंग पेस्ट, म्हणजे ॲसिडचा लेप, लावून द्यायचं कबूल केलं.

पेस्टचं काम चोख, यात वाद नाही. वेल्डच्या उष्णतेने जो निळा-तपकिरी पट्टा उमटतो, त्याच्याखालच्या पत्र्यात क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज तिथेच आधी धरतो. पेस्टमधलं नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड तो थर खाऊन टाकतं. मग उघड्या पत्र्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्रोमियम ऑक्साइडचा नवा पापुद्रा धरतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण सगळी मदार त्याच्यावर.

पेस्ट लावायला आलेला पोरगा मात्र उघड्या हातांनी आला होता. हायड्रोफ्लोरिक कातडीतून आत शिरतं आणि सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. त्याला चहा पाजून परत पाठवला. पुढच्या खेपेला हातमोजे, चष्मा सगळं आलं. खाली मार्बल असेल तर प्लास्टिक अंथरा, ओघळ पडला की पॉलिश गेलंच. आणि पेस्ट लागते तिथे मिरर फिनिश मंद होतं, पुन्हा बफिंग करावं लागतं. त्याचे पैसे आधीच ठरवून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये रेलिंग इतकं झकास दिसत होतं की सोसायटीत दोघातिघांना मीच फॅब्रिकेटरचा नंबर दिला. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला आणि छज्जाखालच्या भागावर डाग परत आले. छज्जाबाहेरचा, पावसात धुऊन निघालेला भाग बराच उशिरा डागाळला. म्हणजे पावसाळ्यातलं निम्मं श्रेय पेस्टचं नव्हतंच, मीठ रोज आपोआप धुतलं जात होतं. आता आठवड्याला बादलीभर गोडं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच करतो. उरलेल्या डागांना किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम, वीसेक मिनिटं ओलं ठेवून धुवायचं. वरवरचा गंज निघतो, वेल्डचा पट्टा निघत नाही. संडासाचं ॲसिड चुकूनही लावू नका. ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे पुन्हा क्लोराइडच. शेजारच्या काकूंचं रेलिंग त्यानेच काळं पडलंय.

आता माझं खरं दुखणं: खांबांच्या बुडाशी बसवलेले ते चकचकीत कप. बेस प्लेट आणि अँकर बोल्ट झाकायला म्हणून. शोभेची वस्तू, पण खारं पाणी आत शिरतं आणि सुकत नाही. त्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे पापुद्रा पुन्हा धरत नाही आणि क्लोराइड मात्र साचत जातं. अशा जागी 316 सुद्धा गंजतं, 304 ची काय कथा. एक कप वर सरकवून पाहिला तर आत लाल चिखल. कप स्वतः 202 चे, म्हणजे स्वस्तातल्या आणि लवकर गंजणाऱ्या ग्रेडचे असावेत अशी शंका आहे. लोहचुंबकाने कळत नाही, कारण 202 आणि 304 दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. बिलावर नुसतं "एस एस" लिहिलंय.

नवीन काम करणाऱ्यांनी बिलावर ग्रेड लिहून घ्या, बोल्ट आणि कपांचासुद्धा, आणि शक्यतो कप लावूच देऊ नका. माझ्याकडचे काढून न्यायला फॅब्रिकेटर तयार झालाय, पण मजुरी वेगळी मागतोय. ती मी देणार नाही.