व्हिडिओतला डान्स की स्टेजवरचा?

डान्स बघायचा तर मी स्टेजच्या बाजूने. म्युझिक व्हिडिओत कटवर कट. चुकलेली स्टेप एडिटिंगमध्ये गायब, आणि ऐन गिरकीला कॅमेरा चेहऱ्यावर. पाय बघायचे कधी? स्टेजवर लपवाछपवीला वाव कमी. मायकल जॅक्सनने टीव्हीवर पहिल्यांदा मूनवॉक (पुढे चालल्याचा भास देत मागे सरकणं) केला १९८३ मध्ये, स्टेजवरच. जेमतेम काही सेकंद, पण एका पायाची टाच उचललेली आणि दुसरा पाय सपाट मागे घसरतोय, हे स्पष्ट दिसलं. (गाणं मात्र रेकॉर्डेडच वाजत होतं, हे चाहते सहसा सांगत नाहीत!) कपडे, सेट, लायटिंग यांत व्हिडिओ सरस, वादच नाही. स्टेप्स शिकायला मात्र तो कुचकामी. के-पॉपचे (कोरियन पॉप संगीताचे) ग्रुप म्हणून तर एका जागी लावलेल्या कॅमेऱ्याने तालमीचा वेगळा व्हिडिओ काढतात.